बारा योजना आणि सावित्रीचे खोरे

महाबळेश्वरच्या पठारावर ज्या पाच नद्यांचा उगम सांगितला जातो, त्यांतील कोयना आणि सावित्री या दोघींच्या वाट्याला अगदी वेगळे भाग्य आले. कोयना पूर्वेकडच्या उताराने निघाली. नियोजनपर्वाच्या पहिल्या काही वर्षांतच तिला बांध घालण्याचे ठरले आणि १९६२ पासून तिच्या पाण्यावर तयार झालेली वीज महाराष्ट्राच्या कारखान्यांना मिळू लागली. सावित्री पश्चिमेचा कडा उतरली, पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळाली. पावसाळ्यात ती महाडच्या बाजारपेठेत शिरते. उन्हाळ्यात तिच्याच खोऱ्यातील डोंगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

भारतात १९५१ ते २०१७ या काळात बारा पंचवार्षिक योजना झाल्या. त्यांनी काय ठरवले आणि काय साधले, हा प्रश्न सामान्यतः दिल्लीतील आकडेवारीवरून सोडवला जातो. ती आकडेवारी महत्त्वाची आहेच. परंतु योजनांचे यश आणि अपयश नेमके कोठे मुरले, हे समजून घ्यायचे तर महाड-पोलादपूरसारखा डोंगराळ मुलूख अधिक बोलका ठरतो. कारण योजनांनी दिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट येथे पोहोचली आहे आणि योजनांच्या हिशेबात न बसणारी प्रत्येक गोष्टही येथे दिसते.

नाते गावचा अर्थमंत्री

या मुलुखाचा आणि राष्ट्रीय नियोजनाचा संबंध वरवरचा नाही. रायगड किल्ल्याच्या वाटेवर नाते हे गाव आहे. तेथे १८९६ मध्ये चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांनी काम केले. १५ मार्च १९५० रोजी पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोग स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत देशमुख होते. त्याच वर्षी ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पहिल्या योजनेसाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. ग्रामीण भागात बँकेच्या शाखा काढणे हा त्या निर्णयामागील एक प्रमुख हेतू होता. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

नियोजनाचा विचार अर्थात त्याआधीचा. सर विश्वेश्वरय्यांनी १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८ मध्ये राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. उद्योगपतींची 'बॉम्बे प्लॅन' १९४४ ची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नद्यांच्या खोऱ्यांचा एकत्रित विकास आणि वीजनिर्मिती यांच्या केंद्रीय धोरणाची पायाभरणी केली, तीही याच काळात. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचा एक आरंभबिंदू महाड होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याला हात लावला, तो माणुसकीच्या हक्कासाठी होता. पुढे पिण्याचे पाणी हा योजनांच्या उद्दिष्टांतील एक रकाना झाला. हक्क आणि रकाना यांतील अंतर किती आहे, हे याच तालुक्यात पुढे दिसून आले.

उद्दिष्ट ठरते कसे?

पंचवार्षिक योजना म्हणजे केवळ इच्छांची यादी नव्हती. तिच्या मुळाशी एक साधे गणित होते. देश आपल्या उत्पन्नातून किती वाचवतो आणि एक रुपयाचे वाढीव उत्पादन मिळवण्यासाठी किती रुपयांचे भांडवल लागते, या दोन आकड्यांवर वाढीचा वेग अवलंबून असतो. उत्पन्नाच्या वीस टक्के बचत होत असेल आणि एक रुपयाच्या वाढीव उत्पादनाला चार रुपयांचे भांडवल लागत असेल, तर अर्थव्यवस्था वर्षाला पाच टक्क्यांनी वाढेल. बचत वाढवा किंवा भांडवलाचा वापर अधिक काटकसरीने करा, वेग वाढतो. पहिली योजना या विचारावर बेतलेली होती आणि तिचा मुख्य भर शेती व पाटबंधाऱ्यांवर होता.

दुसऱ्या योजनेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यात एक भर घातली. भांडवल कोठे गुंतवायचे, हेही महत्त्वाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी देशात तयार झाली, तर पुढचा विकास परदेशी चलनावर अडून राहणार नाही. म्हणून पोलाद, अवजड यंत्रे आणि वीज यांना अग्रक्रम मिळाला. भिलाई, दुर्गापूर आणि राउरकेला येथील पोलाद कारखाने त्या विचारातून उभे राहिले.

त्यानंतर प्रत्येक योजनेने आपापल्या काळाचे उत्तर शोधले. पाचव्या योजनेत 'गरिबी हटाव'ची घोषणा आणि किमान गरजा कार्यक्रम आला. सहाव्या योजनेने ग्रामीण रोजगार आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांना मोठे रूप दिले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर आलेल्या आठव्या योजनेपासून नियोजन आदेशवजा न राहता दिशादर्शक झाले. अकराव्या योजनेचा मंत्र 'सर्वसमावेशक वाढ' हा होता.

हिशेबाची वही

वाढीच्या उद्दिष्टांचा आणि निष्पत्तीचा ताळेबंद असा आहे. पहिल्या योजनेने (१९५१-५६) वर्षाला २.१ टक्के वाढ अपेक्षिली होती, प्रत्यक्षात ३.६ टक्के झाली. दुसऱ्या योजनेत उद्दिष्ट ४.५ टक्के होते आणि वाढ त्याच्या जवळपास, ४.३ टक्क्यांच्या आसपास राहिली. तिसरी योजना मात्र कोसळली. ५.६ टक्क्यांच्या उद्दिष्टासमोर निम्मीच वाढ हाती आली. १९६२ चे चीन युद्ध, १९६५ चे पाकिस्तान युद्ध आणि १९६५-६६ चा दुष्काळ यांनी तिचा कणा मोडला. पुढची तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच नव्हती. वार्षिक योजनांवर भागवावे लागले. चौथ्या योजनेतही ५.७ टक्क्यांऐवजी ३.३ टक्के वाढ झाली.

पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या अशा चार योजनांनी आपापली उद्दिष्टे ओलांडली. आठव्या योजनेत (१९९२-९७) ५.६ टक्के अपेक्षित होते, ६.८ टक्के मिळाले. नवव्या योजनेत पुन्हा घसरण झाली. दहाव्या योजनेने आठ टक्क्यांचे उद्दिष्ट थोडक्यात हुकवले आणि अकरावीने नऊ टक्के ठरवून आठच्या आसपास मजल मारली.

म्हणजे पहिल्या अकरा योजनांपैकी पाच योजना आपल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचल्या आणि सहा मागे राहिल्या. पहिली तीन दशके सरासरी वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत असल्याने माणशी उत्पन्नात पडणारी भर अगदीच तुटपुंजी असे.

पण केवळ वाढीचा दर पाहिला तर चित्र अपुरे राहते. १९५१ मध्ये देशात १०० पैकी १८ जण साक्षर होते. २०११ मध्ये सुमारे ७३. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. ते दुपटीहून अधिक झाले. १९५०-५१ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०११-१२ मध्ये ते २५ कोटी टनांच्या पुढे गेले. अमेरिकी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसणारा देश धान्याची निर्यात करू लागला. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने ठरवलेल्या निकषाने २००४-०५ मध्ये ३७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २०११-१२ मध्ये ते प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले. योजना 'फसल्या' असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत, इतके ते भक्कम आहेत.

खोऱ्यात काय आले?

महाड-पोलादपूरच्या वाट्यालाही पुष्कळ आले. सर्वांत आधी आला जमिनीचा कायदा. कोकणातील खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९४९ च्या कायद्याने खोती नाहीशी झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कुळे जमिनीची मालक मानली गेली. जमीनसुधारणा हे पहिल्या योजनांचे जाहीर उद्दिष्ट होते आणि कोकणात त्याची अंमलबजावणी कागदापुरती राहिली नाही.

परंतु मालकी मिळाली ती तुकड्यांची. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी-वरी आणि वर्षातून एकच पीक, या शेतीवर कुटुंब पोसणे कठीण होते. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली, तेव्हा वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. राज्याच्या या योजनेने कोकणच्या उतारांना जेवढे हिरवे केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या योजनेने केले असेल.

दुसरा आला कारखाना. तिसऱ्या योजनेच्या दस्तऐवजात समतोल प्रादेशिक विकासावर स्वतंत्र प्रकरण होते. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील गर्दी बाहेर न्यावी, या विचाराने महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती मिळू लागल्या. त्याच धोरणाचे फळ म्हणजे महाडची औद्योगिक वसाहत. ती प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची झाली. महामार्ग, मुबलक पाणी आणि सांडपाणी सोडायला जवळची खाडी, हे तीन घटक रसायन उद्योगाला सोयीचे होते. तिने रोजगार दिला, वाहतूकदार, उपाहारगृहे आणि बांधकामाच्या व्यवसायांना आधार दिला. त्याचबरोबर सावित्रीच्या पाण्याचा आणि मासेमारीचा प्रश्नही तिनेच उभा केला. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र झाले, तरी मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार मृत्युमुखी पडले. विकेंद्रीकरणाच्या नावाखाली उद्योगाबरोबर त्याचा धोकाही मुंबईतून बाहेर आला, ही बाजू योजनेच्या मूल्यमापनात क्वचितच लिहिली गेली.

तिसरी आली रेल्वे. कोकणात रेल्वे हवी, ही मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा तिला बळ मिळाले. परंतु योजनांच्या नेहमीच्या तरतुदीतून रूळ पुढे सरकणे इतके सावकाश होते, की रोह्यापर्यंत पोहोचायलाच १९८० चे दशक उजाडले. शेवटी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ काढावे लागले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के आणि उरलेला वाटा कर्नाटक, गोवा व केरळचा. बाजारातून कर्जरोख्यांद्वारे पैसा उभारून ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. महाड तालुक्यात वीर, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके आली. पोलादपूर गावाला मात्र आजही रेल्वेसाठी करंजाडीच्या बाजूला जावे लागते. जे काम योजनेच्या चौकटीत दशकानुदशके रखडले, ते चौकटीबाहेर आठ वर्षांत झाले. नियोजनाच्या इतिहासातील हा धडा कोकणाने शिकवला.

सरासरीच्या सावलीत

मग खोऱ्यात काय राहून गेले आणि ते का राहिले? याची उत्तरे कोणा एका अधिकाऱ्याच्या किंवा पक्षाच्या दोषात शोधण्यापेक्षा नियोजनाच्या रचनेत शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. अशा चार गोष्टी सांगता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे सरासरी. नियोजनाचे सर्वांत लहान व्यवहार्य एकक म्हणून जिल्हा धरला गेला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली. रायगड जिल्ह्यात पनवेल, उरण, अलिबाग आणि रोहे यांच्याबरोबरच पोलादपूरही येते. सहाव्या-सातव्या योजनेच्या काळात याच जिल्ह्यात थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न झपाट्याने वर गेले. पोलादपूरच्या डोंगरात त्यातले काही पोहोचले नाही, पण जिल्ह्याच्या सरासरीत पोलादपूरही श्रीमंत दिसू लागले. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक अनुशेषाचा अहवाल दिला, तोही मुख्यतः जिल्हावार होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली तेव्हा विदर्भ आणि मराठवाड्याला स्वतंत्र मंडळे मिळाली आणि कोकण 'उर्वरित महाराष्ट्रा'त गणले गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकसंख्येचा उंबरठा. किमान गरजा कार्यक्रमात रस्ता जोडायचा तो आधी दीड हजार वस्तीच्या गावांना, असा निकष होता. डोंगरी भागासाठी तो सैल केला गेला. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पाचशे वस्तीची अट घातली; डोंगरी राज्ये, वाळवंटी आणि आदिवासी क्षेत्रांसाठी ती अडीचशे होती. सह्याद्रीचा पट्टा डोंगराळ असला, तरी महाराष्ट्र हे 'डोंगरी राज्य' नव्हे. पोलादपुरातील गाव म्हणजे एक गाव नसतेच. एका महसुली गावाच्या चार-पाच वाड्या, प्रत्येक वाडी वेगळ्या सोंडेवर आणि एका वाडीत तीस-चाळीस उंबरे. आकड्याच्या चाळणीतून अशी वाडी खाली पडते. विदर्भाच्या सपाट मुलखात एक किलोमीटरचा रस्ता दोन हजार माणसांना उपयोगी पडेल. येथे तेवढ्याच पैशात शंभर माणसांचीही सोय होणार नाही. दरमाणशी खर्चाच्या तराजूत डोंगर नेहमीच महाग ठरतो.

चौथ्या योजनेच्या वेळी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांनी राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र तयार केले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता आणि राज्यांच्या विशेष प्रश्नांना १० टक्के. मनमानी वाटपाला त्यामुळे आळा बसला, हे मोठे काम झाले. परंतु राज्याच्या आत, विरळ वस्तीच्या डोंगराळ तालुक्याला लोकसंख्येचे सूत्र कधीच धार्जिणे नसते.

ही उणीव ओळखूनच पाचव्या योजनेत, १९७४-७५ पासून, पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याचे एकक जिल्हा नसून तालुका होते, हे त्याचे वेगळेपण. मृदसंधारण, वनीकरण, फळबागा, लहान पाटबंधारे, साकव आणि जोडरस्ते अशी कामे त्यातून झाली. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. शहरातील वाचकाला त्याचे मोल चटकन जाणवणार नाही. पावसाळ्याचे चार महिने शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्याशी वाडीचा संबंध त्या साकवावर टिकतो. कल्पना योग्य होती, परंतु पाच-सहा राज्यांतील शे-दीडशेहून अधिक तालुक्यांत वाटला जाणारा निधी थेंबाथेंबानेच पोहोचत असे.

तिसरी गोष्ट म्हणजे खर्चाची विभागणी. सरकारी अंदाजपत्रकात २०१७ पर्यंत 'योजना' आणि 'योजनाबाह्य' असे दोन कप्पे होते. नवे बांधकाम योजनेत येई. बांधलेल्याची निगा योजनाबाह्य खर्चात. मंत्री, आमदार आणि खाती यांचे सारे लक्ष स्वाभाविकच पहिल्या कप्प्यावर असे. नळपाणी योजना योजनेतून उभी राही. तिचा पंप जळला की दुरुस्तीला पैसा नसे. कोकणातील पावसात रस्त्याला, बंधाऱ्याला, पुलाला डागडुजी सतत लागते. तेथे ही विभागणी अधिकच महाग पडली. योजनेच्या अहवालात 'पूर्ण' म्हणून नोंदलेले काम पाच पावसाळ्यांनंतर जागेवर कितपत उरले आहे, हे विचारणारा रकानाच नव्हता.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि काही मोटारी नदीत गेल्या, सुमारे चाळीस माणसे बुडाली. त्यानंतर नवा पूल एका वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. नवे बांधण्याची क्षमता या देशात आहे, याचा तो पुरावा. जुन्याकडे पाहत राहण्याची, त्याचे आयुष्य मोजण्याची आणि वेळेत वाहतूक थांबवण्याची यंत्रणा मात्र बांधकामाइतक्या तातडीने उभी राहत नाही, याचाही तोच पुरावा.

चौथी गोष्ट म्हणजे खात्यांच्या भिंती. डोंगर हा एकच असतो. योजनेत तो वन, महसूल, मृदसंधारण, रस्ते आणि पाणीपुरवठा अशा पाच खात्यांत वाटला जातो. रस्त्यासाठी डोंगराची कड कापणारे खाते आणि त्याच डोंगराखालच्या वस्तीची काळजी वाहणारे खाते वेगळे. दोघांची उद्दिष्टे पूर्ण होतात आणि डोंगर खाली येतो.

दरडींचा हिशेब

दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या (२००२-०७) दस्तऐवजात आपत्ती व्यवस्थापनावर प्रथमच स्वतंत्र, सविस्तर प्रकरण आले. विकासाचे फळ एका रात्रीत नष्ट होऊ शकते, तेव्हा आपत्तीचा विचार विकासाच्या आराखड्यातच हवा, असे त्याचे सूत्र होते. ती योजना चालू असतानाच जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या परिसरातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून सुमारे दोनशे माणसे गाडली गेली. मुंबईच्या २६ जुलैच्या प्रलयात त्या बातमीला जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी मिळाली नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे पुन्हा तेच घडले. ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. रस्ते तुटल्याने आणि पुरामुळे मदत पथकांना तळियेपर्यंत पोहोचायला विलंब झाला. मधल्या सोळा वर्षांत कायदा, प्राधिकरणे आणि आराखडे सर्व झाले होते.

पश्चिम घाटाचा पर्यावरणीय अभ्यास करण्यासाठी २०१० मध्ये केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. ज्या धनंजयरावांनी नियोजनाला वाटपाचे सूत्र दिले, त्यांचेच हे चिरंजीव. वडिलांच्या पिढीपुढचा प्रश्न होता, विकासाचा पैसा कोणाला किती द्यायचा. मुलाच्या अहवालाने विचारले, विकास कोठे करायचा, कोठे थांबायचे आणि ते ठरवण्यात ग्रामसभेचा शब्द किती चालायचा. अहवाल २०११ मध्ये आला. त्याला विरोध झाला आणि कस्तुरीरंगन समितीचा सौम्य अहवाल २०१३ मध्ये आला. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत राहिले. शेतकऱ्याला भीती वाटते, की आपल्याच जमिनीवर घर बांधता येणार नाही. ती भीती दूर करण्याचे काम कोणत्याही खात्याच्या रकान्यात बसत नाही.

माणसे कोठे गेली?

कोणत्याही नियोजनाची शेवटची कसोटी एकच असते. ज्या माणसांसाठी ते केले, ती माणसे तेथे राहू इच्छितात का? २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या घटली. ती सुमारे ४५ हजारांवर आली. दोन्ही तालुक्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे. याचा अर्थ येथे मुलींचे भाग्य उजळले असा नव्हे. कमावते पुरुष मुंबईत आहेत, एवढाच आहे.

हे स्थलांतर योजनांनी निर्माण केले नाही. गिरणगावातील खोल्या या मुलखातील माणसांनी योजनांच्या कितीतरी आधीपासून भरल्या होत्या. योजनांना ते थांबवता आले नाही, इतकेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा गावी परतलेल्यांना वाडीत काम नव्हते. पुढची पिढी शिकली. लोणेऱ्याला १९८९ मध्ये बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण हे योजनांचे यशच. परंतु शिकलेल्या मुलाला गावात ठेवील असे काम न उभारल्याने त्या यशाने स्थलांतराची वाट अधिक सुकर केली. मे महिन्यात आणि गणपतीत वाड्या गजबजतात. उरलेले वर्ष दारांना कुलपे आणि पडवीत म्हातारी माणसे.

योजना गेल्या, प्रश्न राहिले

१५ ऑगस्ट २०१४ रोजी नियोजन आयोग मोडीत काढण्याची घोषणा झाली. १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि तेरावी आलीच नाही. नीती आयोगाकडे पैसा वाटण्याचा अधिकार नाही. तो धोरण सुचवतो आणि प्रगती मोजतो. २०१८ मध्ये मागास जिल्ह्यांसाठी आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद निवडले गेले. रायगड त्यात असण्याचे कारणच नव्हते; जिल्ह्याची सरासरी पुन्हा आडवी आली. २०२३ मध्ये आकांक्षित तालुक्यांचा कार्यक्रम जाहीर झाला, म्हणजे पश्चिम घाट कार्यक्रमाने १९७४ मध्ये ओळखलेले एकक जवळजवळ पन्नास वर्षांनी पुन्हा सापडले.

घराघरांत नळ देण्याचे जलजीवन मिशन २०१९ मध्ये २०२४ ची मुदत घेऊन सुरू झाले. मुदत २०२८ पर्यंत वाढवावी लागली. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाऊस कमी म्हणून येथे तहान नाही. तीव्र उतारावरून चार महिन्यांत सारे पाणी समुद्राला मिळते आणि कातळाखाली ते साठत नाही, म्हणून तहान आहे. नळ बसवला तरी एप्रिलमध्ये त्याला पाणी यायचे असेल, तर वर झरा जपावा लागेल, उतार धरून ठेवावा लागेल आणि वाडीच्या मापाचे साठवण तळे बांधावे लागेल. दरड रोखण्यासाठीही नेमके हेच करावे लागते. पाणी, माती आणि माणसाचा जीव यांचा येथे एकच आराखडा होऊ शकतो. तो पाच खात्यांत विभागला की तिन्ही हातचे जातात.

नियोजन संपले म्हणून नियोजनाची गरज संपलेली नाही. बारा योजनांनी देशाला धान्य, पोलाद, वीज आणि अक्षर दिले, हे ऋण मोठे आहे. त्यांना जमले नाही ते लहान मापाचे काम. नाते गावच्या मुलाने देशाच्या पहिल्या योजनेचा जमाखर्च सांभाळला. त्याच तालुक्यात, चवदार तळ्यापासून काही कोसांवर, आजही डोईवर हंडा घेऊन उतार चढणारी बाई दिसते. राष्ट्रीय सरासरीत तिची गणना झालेली आहे. तिच्या वाडीची झाली, की पुढच्या नियोजनाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.